एक म्हणायचं नाही

मुलांनो, मांडी घालून बराच वेळ बसलात की पाय जड होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. मुंग्या येतात त्या नंतर. त्याआधी थोडा वेळ असा जातो, की पायाला चिमटा काढला तरी तो दुसऱ्याच कुणाला काढल्यासारखा वाटतो. आता असं समजा, की नुसता पाय नाही, एक अख्खं घरच तसं झालं आहे. चूल पेटते, भाकरी होते, म्हशीची धार निघते, माणसं उठतात-बसतात. पण चिमटा कुणालाच कळत नाही. दिसलं का ते घर? मग चला आत.

घर होतं पिंपरीच्या गावठाणात, सोपानरावांचं. सन पंचावन्नचा शिमगा तोंडावर आला होता. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं कारखान्यांसाठी जमिनी मोजल्या जात होत्या आणि सोपानरावांचं ओढ्याकाठचं शेत त्या मोजणीत गेलं होतं. घर राहिलं, गोठा राहिला, शेत गेलं. उभं पीक काढून न्यायची मुभा होती, म्हणून शेवटचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, तेवढा खळ्यावर येऊन पडला होता.

सोपानरावांना एकच लेक, शालन. ती त्यांना आबा म्हणायची. हे आबा पूर्वी फार बोलके. बैलाशी बोलायचे, मोटेच्या चाकाशी बोलायचे, विहिरीतल्या कासवाला "काय पाव्हणं, झोप झाली का?" असं विचारायचे. नोटीस आली आणि त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला.

"म्हशीची पेंड संपली," शालनची आई सुभद्राबाई म्हणायची.

"बघू."

"कारखान्यात वॉचमनची जागा हाय म्हनं. सयाजीभावजी दोनदा इच्यारून गेलं."

"बघू."

"माजा भाऊ म्हनतोय, निघोज्याला या. त्याची नदीकडची जमीन अर्धेलीनं करा. त्याला काय सांगू?"

"बघू."

रागानं नाही, कंटाळ्यानंही नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं ते "बघू" असायचं.

निघोजे होतं इंद्रायणीच्या पलीकडे, चाकणच्या बाजूला. मामाचं गाव म्हणून शालनला ते आवडायचंच. पण तिथं शाळा होती ती चौथीपर्यंतची, एका देवळाच्या ओसरीत. शालन होती आठवीत. रेल्वेचे रूळ ओलांडून ती रोज चिंचवडच्या हायस्कुलात जायची. निघोज्याला जायचं म्हणजे शाळा सुटली, हे तिला न सांगता कळत होतं. घरात मात्र ते कुणी बोललं नव्हतं, तीही बोलली नव्हती.

नवरा बोलत नाही म्हटल्यावर सुभद्राबाईनं आपल्यापुरता एक तोडगा काढला होता. "रास मोजायला माजा भाऊ कोंडाजी गाडी घिऊन येनार हाय," ती शेजारणीला सांगत होती. "दानं गाडीत चढलं, तर आमी निघोज्याला. दानं घरच्या कणगीत पडलं, तर आमी हितंच. दानं जातील तिकडं मानसं जातील. रास मोजताना तरी धनी काय ते सांगतीलच की."

शालन चुलीपुढं बसून हे ऐकत होती. रास मोजायच्या दिवशी आबा सांगतील. बरं, असं तिनं मनात म्हटलं आणि ती भाकरी उलटायला लागली.

*

शाळेत तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. त्यामुळे सगळा वर्ग एकाच नावेत होता; ए-बी-सी-डी कुणाच्याच घरातून आलेली नव्हती. शिकवायला होते ज्योतीराम सर. ते सोलापूरकडचे, आवाज खडा आणि स्वभाव गुळासारखा. पोरांना न समजलेली गोष्ट ते चौथ्यांदा सांगताना पहिल्यांदा सांगत असल्यासारखं सांगायचे.

त्या दिवशी सरांनी टेबलावर चार वस्तू मांडल्या. एक लिंबू, एक तांब्या, कागदावर चिमूटभर मीठ आणि एक खडू.

"इंग्रजीत नावाच्या आधी 'अ' लावतात," ते म्हणाले. "अ म्हणजे साधारण एक. अ लेमन. अ चॉक म्हणायचं का?"

"व्हय," अर्धा वर्ग म्हणाला.

"थांबा. आधी मला एक लिंबू द्या."

पुढच्या बाकावरच्या मुलानं लिंबू दिलं.

"आता एक मीठ द्या."

मुलगा मिठाकडे बघत राहिला. त्यानं एक खडा उचलला, मग तो अर्धा आहे असं वाटून दुसरा उचलला. वर्ग हसला.

"हसू नका. त्याचं बरोबर चाललंय," सर म्हणाले. "लिंबाला कड आहे. ते कुठं सुरू होतं नि कुठं संपतं ते दिसतं. मिठाला तशी कड नाही. ते चिमूटभर असलं तरी मीठ, गोणीभर असलं तरी मीठच. ज्याला स्वतःची कड नाही, त्याच्याआधी इंग्रजीत अ बसत नाही. सॉल्ट. मिल्क. राइस. नुसतं म्हणायचं. खडूसुद्धा त्यातलाच, बरं का. ते म्हणतात, अ पीस ऑफ चॉक. खडूचा तुकडा."

"आन् पानी?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाणीही तसंच. अ वॉटर नाही म्हणायचं. त्याला भांडं द्या, मग मोजा. अ ग्लास ऑफ वॉटर."

शालननं हात वर केला. ती वर्गात फारशी बोलत नसे. "आमी एक पानी देतो, सर."

"कुणाला?"

"कांद्याला. एक पानी दिलं, मग आठ दिसांनी दुसरं पानी."

वर्ग पुन्हा हसला. मागचा एकजण म्हणाला, "कांद्याला भांडं दे गं, वाटीनं पील." सर हसले नाहीत. त्यांनी डोकं खाजवलं आणि ते खिडकीपाशी जाऊन जरा उभे राहिले.

"चांगलं बोललीस," ते म्हणाले. "पण बघ, तिथं तू पाणी मोजत नाहीस. पाळी मोजतेस. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी फिरलं, की एक पाळी. तिला कड आहे. इंग्रज ते दुसऱ्या शब्दानं सांगेल. पाणी मात्र पाणीच."

शालनला ते पटलं. ती खाली बसली.

मग सर 'द'कडे वळले. "हा 'द' सगळ्यांच्या आधी चालतो, लिंबाच्याही नि मिठाच्याही. द म्हणजे बोट. आपल्याला ठाऊक असलेलं, समोर दाखवता येणारं. सॉल्ट म्हणजे जगातलं कुठलंही मीठ. द सॉल्ट म्हणजे हे, या कागदावरचं." आणि त्यांनी बोट ठेवलं. "उद्या येताना प्रत्येकानं आपल्या घरचं एक वाक्य लिहून आणा."

दुसऱ्या दिवशी शालननं लिहून नेलं ते असं: वुई हॅव अ लँड. आमची एक जमीन आहे.

सरांनी अ भोवती हलकेच गोल केला. "लँडच्या आधी अ नाही येत. जमीन ही पाण्यासारखी."

"पन सर, तिला कड हाय," शालन म्हणाली. "चारी अंगांनी बांध हाय. एका बांधावर बोरी हायत, एकीकडं ओढा हाय."

"मग ते शेत. फील्ड. अ फील्ड म्हण. शेत मोजता येतं, जमीन नाही. बांध काढले तर उरते ती जमीन." सरांनी वाक्य दुरुस्त करून दिलं. मग तिची वही हातात ठेवूनच ते म्हणाले, "तुझं डोकं चांगलं चालतं. नववीला गणित जरा जड जाईल, पण जमेल. येणार ना नववीला?"

"बघू," शालन म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तो कुणाचा आहे ते तिच्या लक्षात आलं. सरांनी वही परत दिली. ती घेऊन ती जाग्यावर आली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. काहीच आलं नाही. शेजारची मुलगी कानात काही सांगत होती, ते दूरवर कुणी कुणाशी बोलावं तसं ऐकू येत होतं.

संध्याकाळी ती घरी निघाली ती शेतावरून. रोजची वाट तीच होती. आदल्या दिवसापर्यंत कारखान्याचं जमीन सपाट करायचं यंत्र ओढ्याच्या पलीकडे होतं. आज ते अलीकडे आलं होतं. शेजारच्या सयाजीकाकांची तीन वावरं, त्यांच्या पलीकडचं गुरवाचं इनाम आणि शालनच्या घरचं शेत, सगळ्यांतले बांध एका दिवसात गेले होते. बोरी मुळासकट एका बाजूला पडल्या होत्या. माती सारखी, सपाट, एकाच रंगाची. फक्त खळ्याचा गोल आणि त्यावर झाकलेली रास तेवढी राखली होती, गावठाणाच्या अंगाला होती म्हणून.

शालन उभी राहिली. "द लँड," ती हळूच म्हणाली आणि तिनं बोट पुढं केलं. कुठं दाखवायचं ते कळेना. बुजवलेली विहीर इथं असावी. की तिकडं? बोट हवेतच राहिलं. मग तिनं ते खाली घेतलं, दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि ती घरी गेली. आईनं विचारलं, "शेताकडनं आलीस?" ती म्हणाली, "व्हय."  दोघींनी मिळून म्हशीला वैरण टाकली.

*

शिमग्याच्या आदल्या रविवारी कोंडाजीमामा गाडी घेऊन आला. बैलांच्या गळ्यातली घुंगरं वेशीपासून ऐकू येत होती. मामा दिलदार माणूस, भाचीसाठी हरभऱ्याचे डहाळे घेऊन आला होता.

"काय मड्डम," त्यानं शालनला विचारलं, "इंग्रजी कुटवर आली?"

"अ, ॲन, द पतुर," शालन म्हणाली.

"आमच्या बैलांना शिकीव की जरा. चल म्हनलं की थांबत्यात."

शेजारचे सयाजीकाका पोती धरायला आले होते. त्यांचंही शेत गेलं होतं, पण त्यांनी कारखान्यात नाव घातलं होतं आणि ते येता-जाता चेष्टा करत. "सोपानराव, आवंदा रास मोटी दिसती. जमीन जाताना देऊन गेली म्हनायची." आबांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

खळ्यावर पायतण घालून जात नाहीत. सगळ्यांनी ती बाहेर काढली. सुभद्राबाईनं राशीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा राशीत खोचला. आता मोजणी.

मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांनी खळं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रास मोजताना घरचा कर्ता पूर्वेला तोंड करून बसतो. हातात लाकडी अधोली, म्हणजे धान्य मोजायचं माप. ती भरायची, वर आलेली शीग हातानं सपाट करायची आणि पोत्यात ओतायची. प्रत्येक अधोलीला आकडा मोठ्यानं म्हणायचा, आणि तेवढा वेळ बाकी कुणी बोलायचं नाही. पहिल्या अधोलीला मात्र एक म्हणायचं नसतं. 'लाभ' म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की रास तिथंच खुंटते, असं जुनी माणसं मानत. खरंखोटं देव जाणे. पण आबांच्या बापानं, त्यांच्या बापानं, गावातल्या प्रत्येकानं हेच केलं होतं. पाळण्यातल्या पोरालाही पाठ असावं असं ते होतं.

आबा बसले. मामानं पोत्याचं तोंड उघडून धरलं. आबांनी अधोली राशीत घातली, भरली, हात फिरवला, पोत्यात ओतली.

"एक," आबा म्हणाले.

मामाचा हात पोत्यावर तसाच राहिला. सुभद्राबाईनं पदर तोंडाला लावला. सयाजीकाका खाकरले, आणि इतका वेळ चेष्टा करणारा तो माणूस जमिनीकडे बघायला लागला.

"दाजी," मामा अगदी हळू म्हणाला, "लाभ म्हनायचं ऱ्हायलं."

"हां," आबा म्हणाले. त्यांनी दुसरी अधोली भरली, हात फिरवला, ओतली. "दोन."

पहिली परत राशीत ओतायची, पुन्हा सुरुवात करायची, तसं काही नाही. "तीन." आवाजात चढ नाही, उतार नाही.

शालन राशीच्या बाजूला उभी होती. तिला शकुन-अपशकुनाची भीती वाटली नाही. तिनं आबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते दाण्यांकडे बघत नव्हते. पोत्याकडेही नाही. हात आपोआप चालत होते, जसे बैल मळणीत खळ्यामधल्या तिवड्याच्या खांबाभोवती फिरतात, आणि तोंड आपोआप आकडे म्हणत होतं. तिथं आबा नव्हतेच. इतके दिवस ती ज्यांच्या बोलण्याची वाट पाहत होती, ते आज सांगणार नव्हते. उद्याही नाही. त्यांच्या त्या "बघू"च्या मागं बघणारं कुणी नव्हतं. आणि सरांना तिनं जे "बघू" सांगितलं, त्याच्या मागं तरी कोण होतं?

पहिलं पोतं भरलं. सयाजीकाकांनी दाभणानं तोंड शिवलं. दोघांनी मिळून ते उचललं आणि गाडीत टाकलं. गाडी करकरली.

मामानं घाम पुसला. "दाजी, एक इच्यारतो. समदीच निघोज्याला न्यायची न्हवं? का काई हितं ठेवायची?"

सुभद्राबाई जागच्या जागी ताठ झाली. हाच तो क्षण, ज्याच्यावर ती विसंबली होती.

"बघू," आबा म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या पोत्यासाठी अधोली भरली.

"मंग भरतो समदीच," मामा म्हणाला. "तिकडं गेल्यावर ठरवू. वैनी, तुमी भांडीकुंडी बांधाया घ्या." बहिणीला तो चारचौघांत चेष्टेनं वैनी म्हणायचा. पण आज कुणी हसलं नाही.

शालन खळ्याच्या कडेला गेली. तिथं शेणखताची नाही, धान्याची स्वच्छ पाटी पालथी पडली होती. ती तिनं उचलली, पदरानं पुसावी तशी परकराच्या ओच्यानं पुसली आणि राशीपाशी येऊन दोन्ही हातांनी शाळू तिच्यात ओढायला लागली.

"काय करती गं?" आईनं विचारलं.

"घरला न्हेते."

"कशाला?"

"कणगीत टाकाया."

मामा हसला. "अगं, मोजनी चालू हाय. न मोजता रास उचलतात व्हय? मड्डम झालीस म्हनून काय झालं."

"मामा, मला निघोज्याला यायचं न्हाई," शालन म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, सपाट, आबांसारखाच. "तिकडं शाळा न्हाई. मला नववीला जायाचं हाय."

"आन् खायाचं काय? शाळेत भाकरी देत्यात?"

"सयाजीकाका म्हनत्यात, वॉचमनची जागा अजून हाय."

सगळे सयाजीकाकांकडे बघायला लागले. काकांनी टोपी काढून डोकं पुसलं. "हाय तर खरं," ते म्हणाले. "पन ते सोपानरावांनी सांगाया पायजे. त्वा न्हाई, बाळ."

ते बरोबरच होतं. शालननं मान हलवली. आबांकडे कुणीच बघत नव्हतं, कारण बघून काही मिळत नाही याची सगळ्यांना सवय झाली होती.

तिनं पाटी डोक्यावर घेतली. चुंबळ नव्हती, नुसत्या केसांवर पाटीची कड रुतली. गावठाणाच्या वाटेनं ती चालत गेली. घरात अंधुक होतं. कणगी रिकामी होती, शेणानं सारवलेल्या पोटाचा वास येत होता. तिनं पाटी तिच्यात उपडी केली. दाणे तळाला पडले तेव्हा मोठा आवाज झाला. एवढे दाणे एक महिनाही पुरणार नाहीत, हे तिलाही समजत होतं.

ती परत आली तेव्हा दुसरं पोतं अर्ध्याहून जास्त भरलं होतं.  आबांच्या तोंडचे आकडे तेवढे चालू होते. मामानं तिच्याकडे पाहिलं, पण तो पोतं धरून तसाच उभा राहिला.

आबांनी अधोली भरली. हात फिरवून शीग सपाट केली. ओतायला उचलली.

शालन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. मामाच्या हातातल्या पोत्याच्या आणि आबांच्या हातातल्या अधोलीच्या मधे तिनं रिकामी पाटी सरकवली, दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि आबांच्या तोंडाकडे बघत ती तशीच बसून राहिली.